चारही चाके जमिनीवर

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जीप रँग्लरमध्ये चालकाच्या उजव्या हाताशी, मुख्य गिअरच्या दांड्याला लागून, आणखी एक आखूड दांडा असतो आणि त्याच्या माथ्यावर टू-एच, फोर-एच, एन, फोर-एल अशा खुणा असतात. नेहमीच्या रस्त्यावर पहिली खूण, चिखलात आणि बर्फात दुसरी, खडकाची पायरी चढताना शेवटची. मधल्या ‘एन’वर मात्र गाडी स्वतःहून कुठेच जात नाही, आणि म्हणून कित्येक मालकांचा हात त्या खुणेवर कधी थांबतही नाही. आज आपण याच एका अक्षरापाशी थोडे रेंगाळू या. कारण मोटरहोमच्या, म्हणजे चालत्या घराच्या, पाठीमागे जीप न्यायची तर ती कशी न्यावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर कारखान्याने तिथे आधीच लिहून ठेवले आहे.

मुळात चालत्या घराच्या मागे आणखी एक गाडी हवी कशाला, हे समजून घ्यायचे तर मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या घाटरस्त्याकडे पाहावे. ‘गोइंग-टू-द-सन रोड’ असे सूर्याची वाट धरणारे नाव मिरवणाऱ्या त्या रस्त्याच्या ॲव्हालांच ते रायझिंग सन या टप्प्यात 21 फुटांहून लांब किंवा 8 फुटांहून रुंद वाहनाला प्रवेश नाही. कड्याला बिलगून गेलेल्या त्या वळणांना पस्तीस-चाळीस फुटांचे घर पेलणारच नाही. कोलोरॅडोतल्या यूरे आणि टेल्युराइड या गावांच्या मधोमध 13,114 फुटांवर असलेल्या इमोजीन खिंडीत, किंवा 1967 पासून ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा भरणाऱ्या युटातल्या मोआबच्या तांबड्या वालुकाश्मावर, घराने जाण्याचा विचारही व्यर्थ. घराने सपाट तळावर विसावा घ्यावा आणि जीपने डोंगरात शिरावे, अशी ही वाटणी आहे. आणि जिथे वाटणी आली तिथे दोघांना महामार्गावर एकत्र बांधून नेणारा दुवाही आला. आपल्या रसास्वादाचा विषय तो दुवा आहे.

हा दुवा साधण्याच्या रीती तीन. चारही चाके रस्त्यावर ठेवून गाडी सरळ ओढायची, ही पहिली. पुढची दोन चाके ‘डॉली’ नावाच्या छोट्या दुचाकी गाड्यावर चढवून मागची दोन फिरती ठेवायची, ही दुसरी. आणि अख्खी गाडीच ट्रेलरवर चढवून बांधायची, ही तिसरी. कागदावर डॉली हा सुवर्णमध्य वाटतो: ट्रेलरइतकी जड नाही, आणि जीपच्या पुढच्या बाजूला काही बसवायलाही नको. परंतु रँग्लरच्या मॅन्युअलमधला छोटासा तक्ता उघडला की हा सुवर्णमध्य एका नकारात विरून जातो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या या गाडीची दोन चाके उचललेली आणि दोन फिरती असली, तर गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केस (तो आखूड दांडा जिला हलवतो ती चाकांना शक्ती वाटणारी पेटी) यांची गंभीर हानी होते, असे तो बजावतो. म्हणजे एक तर चारही चाके जमिनीवर, नाही तर एकही नाही. मधल्या तडजोडीला जागाच न ठेवणाऱ्या या तक्त्यात मला एक करारी सौंदर्य दिसते. निवड अवघड असली तरी ती धूसर राहत नाही.

ट्रेलरचा पक्ष आपण मनापासून ऐकू, कारण त्याचे गुण खरे आहेत. त्यावर बांधलेल्या जीपचे टायर झिजत नाहीत, तिचा एकही भाग फिरत नाही, आणि सरावलेला चालक तो जोड मागेही घेऊ शकतो. पण वजनाचा काटा पुढे आला की चित्र पालटते. चार दारांची रँग्लर रुबिकॉन सुमारे 4,400 ते 4,500 पौंडांची, म्हणजे जवळजवळ दोन टनांची; तिच्यावर पोलादी बंपर, विंच, मोठे टायर असा साज चढला की आणखी जड. पेट्रोलवर चालणाऱ्या पुष्कळ मोटरहोमच्या मागची ‘हिच’, म्हणजे ओढण्याची जोडणी, 5,000 पौंडांसाठी बनवलेली असते. त्या मर्यादेत जीप मावते. जीप आणि तिला वाहणारा ट्रेलर मिळून मावत नाहीत. शिवाय ट्रेलर आपल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर टेकवतो आणि मोटरहोमची शेपटी मागच्या चाकांपलीकडे लांब गेलेली असल्यामुळे तो भार तरफेसारखा काम करून पुढची चाके हलकी करू पाहतो. मागे इंजिन असलेले मोठे डिझेल मोटरहोम, ज्याची हिच बहुधा 10,000 पौंड पेलते, त्याला हे ओझे जाणवणार नाही. पण मुक्कामाच्या तळावर रिकामा ट्रेलर ठेवायचा कुठे, हा प्रश्न त्याच्याही मालकाला सुटलेला नसतो. चारही चाकांवर येणारी जीप मात्र स्वतःचे वजन स्वतःच वाहते. घराकडून तिला फक्त दिशा आणि ओढ हवी असते.

आता पुन्हा ‘एन’कडे वळू. गाडी ओढली जाऊ लागली की चाके फिरतात, चाकांबरोबर आस फिरतात, आसांबरोबर प्रॉपेलर शाफ्ट फिरतात, आणि हे फिरणे ट्रान्सफर केसच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचते. तिथून पुढे ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये शिरले असते तर अनर्थच झाला असता. कारण त्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन तर बंद आहे, आणि तेलावाचून घासत राहिलेले भाग काही मैलांतच जळू लागतील. ‘एन’ हा त्या उंबऱ्यावरचा अडसर आहे. अलीकडे सगळे फिरत असते, पलीकडे सगळे शांत. ही अवस्था साधण्याचा विधीही पाहण्यासारखा आहे: सपाट जागी थांबायचे, इंजिन चालू, पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलमध्ये, मग आखूड दांडा ‘एन’वर. एवढ्यावर विश्वास टाकायचा नाही. गिअर रिव्हर्समध्ये घालून, ब्रेक सोडून पाच सेकंद थांबायचे आणि गाडी जागची हलत नाही ना ते पाहायचे. पुढच्या गिअरमध्येही तीच परीक्षा. मग इंजिन बंद करून गिअर ‘पार्क’मध्ये घालायचा. जो ‘पार्क’ एरवी चाकांना खिळवून ठेवतो, तोच लावलेला असताना ही गाडी शेकडो मैल धावणार आहे! विरोधाभास अलंकाराची गोडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा क्षण चुकवू नये. आणि या अलंकाराची दुसरी धारही ध्यानात ठेवावी: ‘एन’वर असलेली जीप ‘पार्क’मध्ये असूनही उतारावर घरंगळू शकते, म्हणून तिला सोडवण्याआधी हँडब्रेक ओढायचा, आणि निघताना आठवणीने सोडायचा.

जोडून निघाल्यावर या रचनेतला सर्वांत लोभस देखावा मोटरहोमच्या मागच्या कॅमेऱ्यात उमटतो. जीपमध्ये कोणी नाही. वळण येते, घर वळते, आणि त्या रिकाम्या आसनासमोरचे स्टिअरिंग आपोआप फिरते, वळण संपताच आपोआप सरळ होते. यामागे आहे पुढच्या चाकांच्या जोडणीतला एक किंचित कललेला कोन, ज्याला यंत्रशाळेत कॅस्टर म्हणतात. चाक ज्या बिंदूभोवती वळते तो जमिनीवर त्याच्या टेकण्याच्या जागेपेक्षा थोडा पुढे पडतो, म्हणून चाक नेहमी ओढीच्या मागोमाग येते. मात्र त्यासाठी स्टिअरिंगचे कुलूप उघडे हवे आणि सांध्यांत ढिलाई नको. रँग्लरचा पुढचा आस अखंड असतो. त्याचे जोड सैल झाले असतील, तर एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने दोन्ही चाके थरथरू लागतात. जीपवाले त्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात, आणि आत चालकच नसल्यामुळे ती थरथर तिथल्या तिथे आवरायला कोणी नसते.

चाकांना मिळालेल्या या मोकळिकीचे बंधनाशी जुळलेले नाते घर आणि जीप यांना जोडणाऱ्या टो-बारमध्ये अधिकच खुलून दिसते. जुना टो-बार म्हणजे इंग्रजी ‘ए’च्या आकाराची ताठ चौकट, तो जोडायचा तर मोटरहोम नेमक्या इंचावर आणून उभे करावे लागे. नव्या टो-बारचे दोन हात एकमेकांपासून स्वतंत्रपणे लांबतात आणि आखडतात. जीप थोडी तिरकी उभी असली, एका बाजूला कलली असली तरी हे हात तिच्यापर्यंत पोहोचतात, आणि मोटरहोम सावकाश पुढे निघाले की ओढीनेच एकेक हात पूर्ण ताणला जाऊन खट्कन जागी बसतो. नेब्रास्कातल्या पेंडर गावची ब्लू ऑक्स आणि वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरची रोडमास्टर या कंपन्यांचे असे टो-बार तिकडच्या रस्त्यांवर पावलोपावली दिसतात. जोडताना शिथिल आणि चालताना दृढ, असा या हातांचा स्वभाव. सोडवताना मात्र ते हट्टी होतात: वाकड्या किंवा उंचसखल जागी ताण राहिला तर कुलूप निघता निघत नाही, म्हणून जाणते लोक तळावर शिरण्याआधीच, सरळ रस्त्यावर, जीप मोकळी करतात.

टो-बार जमिनीला समांतर हवा, फार तर तीन इंचांचा फरक चालेल, हा नियम रुक्ष वाटेल. पण डोंगरासाठी उंच केलेल्या जीपच्या बाबतीत तो नियम प्राण आहे. बार तिरका असला की ब्रेक लागताच जीपचा पुढे येणारा रेटा सरळ न राहता वर किंवा खाली फाकतो, आणि कुठले तरी एक टोक उचलू किंवा दाबू पाहतो. त्यावर उपाय साधाच: हिचमध्ये उंची बदलणारा एक पोलादी तुकडा. गाडीची उंची वाढवताना तिच्या मालकाने जी हौस केली, तिचा हिशेब इथे चुकता होतो.

टो-बारच्या खाली दोन साखळ्या असतात, आणि त्या एकमेकींवर फुली मारून बांधलेल्या असतात. फुली कशाला, असे आपण सहज विचारतो. तर बार निखळलाच तर त्याचे टोक जमिनीत रुतू नये, पाळण्यात पडल्यासारखे त्या दोन साखळ्यांत झेलले जावे म्हणून. वळणावर ताण येणार नाही इतक्या सैल आणि रस्त्यावर घासणार नाहीत इतक्याच आखूड, असे त्यांचे माप. शेजारून एक बारीक तार जाते. घर आणि जीप खरोखरच विलग झाली तर ती तार खेचली जाऊन जीपचे ब्रेक आपोआप लागतात. आणि एक विजेची केबल, जिच्यामुळे मोटरहोमचा ब्रेक लागला की जीपचेही तांबडे दिवे उजळतात. त्या जोडणीत वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड बसवतात, म्हणजे उसना प्रकाश जीपच्या स्वतःच्या यंत्रणेत मागे शिरत नाही.

दिवे लागले, पण ब्रेकचे काय? डेन्व्हरहून मोआबकडे जाणारा आय-70 महामार्ग सुमारे अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून उतरू लागतो, तेव्हा मागून दोन टनांचे लोखंड घराला ढकलत असते. इंजिन बंद असलेल्या जीपच्या ब्रेकला एरवीची मदत मिळत नाही, तिचे पेडल जड होऊन बसते. म्हणून ओढलेल्या गाडीला वेगळी ब्रेक-यंत्रणा लागते: काही चालकाच्या आसनासमोर पेटीसारख्या ठेवायच्या, ज्या पेडल दाबतात, काही जीपच्या आत कायम बसवलेल्या. या खर्चात काटकसर करणाऱ्याला मी रसिक म्हणणार नाही. वेगाचेही तसेच. कॅलिफोर्नियात ताशी 55 मैलांची मर्यादा ओढणाऱ्या प्रत्येक वाहनाला आहे, आणि तिथल्या रुबिकॉन नावाच्या वाटेवर निघालेल्या रँग्लर रुबिकॉनने, जिचे नाव त्या वाटेवरूनच पडले, तेवढा धीर धरायला हरकत नसावी.

आता या रीतीचा एकमेव मोठा दोष. हा जोड मागे घेता येत नाही. पुढे जाताना ज्या कॅस्टरने चाकांना आज्ञाधारक केले, तोच उलट्या दिशेत त्यांना एका बाजूला टोकापर्यंत वळवतो आणि टो-बार वाकतो. चुकून बंद गल्लीत शिरलात, तर उतरून जीप सोडवायची, दोन वाहने वेगवेगळी वळवायची, पुन्हा जोडायची. पेट्रोल पंप निवडतानाही बाहेर पडण्याची वाट आधी पाहायची. मला हा दोष फारसा खुपत नाही; पुढचे पाहून पाऊल टाकण्याची सवय त्यानेच लागते.

आपल्या मातीशीही या गाडीचे नाते आहे: 2021 पासून रँग्लर पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात जोडली जाते. तेव्हा तिच्या आखूड दांड्यावरचे ते अक्षर प्रत्यक्ष पाहायला परदेशी जायला नको. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत मोटरहोमचे बेत शिजत आहेत, त्यांना मात्र माझे सांगणे सरळ आहे. गाडी घेण्याआधी मॅन्युअलमधला तो तक्ता वाचा, आणि मोटरहोमच्या हिचची मर्यादा व जीपचे साजासकट वजन काट्यावर ताडून पाहा. रँग्लर, ग्लॅडिएटर किंवा फोर्डची चारचाकी-शक्तीची ब्रॉन्को असेल, वजन मर्यादेत बसत असेल, तर चारही चाके जमिनीवर ठेवा आणि ब्रेक-यंत्रणेला पैसे मोजा. तक्त्यात परवानगी नसेल, किंवा मागे न्यायची आहे ती वाळूत उधळणारी छोटी साइड-बाय-साइड गाडी असेल, तर ट्रेलर घ्या आणि त्याला पेलणारे मोटरहोमही. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीसाठी डॉली मात्र भाड्यानेसुद्धा आणू नका.