भगतराम तलवार यांचें आत्मवृत्त : साक्ष आणि मौन

सुभाषचंद्र बोस यांच्या १९४१ मधील पेशावर ते काबूल या प्रवासाचा जो वृत्तांत आज प्रचलित आहे, त्याचा मुख्य आधार भगतराम तलवार यांची साक्ष हाच होय. ती त्यांनीं १९७६ सालीं दिल्लीहून प्रसिद्ध झालेल्या 'द तलवार्स ऑफ पठाण लँड अँड सुभाषचंद्राज ग्रेट एस्केप' या ग्रंथांत नमूद केली. पुढें उजेडांत आलेल्या कागदपत्रांवरून हेच गृहस्थ दुसऱ्या महायुद्धांत परस्परविरोधी राष्ट्रांचे हेर होते असें दिसून आलें आहे. तेव्हां त्यांचें कथन कितपत ग्राह्य मानावें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

घराण्याची क्रांतिनिष्ठा निर्विवाद आहे. बंधु हरिकिशन यांनीं २३ डिसेंबर १९३० रोजीं लाहोर येथें पंजाबच्या गव्हर्नरावर गोळ्या झाडल्या व ९ जून १९३१ रोजीं ते फांशीं गेले. 'रहमतखान' बनून, मुक्याबहिऱ्या 'झियाउद्दीन'चें सोंग घेतलेल्या सुभाषबाबूंस काबुलास नेल्याची हकीकतही खरी आहे. तेथें उभयतांस आश्रय देणाऱ्या उत्तमचंद मल्होत्रांचा वृत्तांत १९४६ मध्येंच छापला गेला होता. मात्र उत्तमचंद वाटेवर सोबत नव्हते. तेथील बारीक तपशिलाला बहुतांशीं भगतरामांचाच शब्द प्रमाण, हें विसरूं नये.

खरी अडचण सुभाषबाबूंनीं १८ मार्च १९४१ रोजीं इटालियन पारपत्रावर काबूल सोडल्यानंतरची आहे. २२ जून रोजीं जर्मनीनें रशियावर स्वारी केली आणि साम्यवादी भगतराम रशियाच्या बाजूस वळले. जर्मन वकिलात त्यांना आपलाच माणूस समजत राहिली; बर्लिनहून सुभाषबाबू सहकाऱ्यांस धाडीत ते निरोपही यांच्याच हातीं पडत. पुढें रशियाच्या संमतीनें ते ब्रिटिशांचेही हेर झाले. पीटर फ्लेमिंग यांनीं त्यांस 'सिल्व्हर' हें सांकेतिक नांव दिलें, आणि दिल्लींत रचलेली खोटी लष्करी माहिती त्यांच्या द्वारें जर्मनांपर्यंत जाऊं लागली.

फॅसिझमविरुद्धचें हें कर्तव्य होतें असें समर्थन करतां आलें असतें, आणि तें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु ब्रिटिशांशीं जडलेल्या या संबंधाचा उलगडा ग्रंथकार करीत नाहींत. जें कृत्य समर्थनीय वाटतें तें तीस वर्षें लोटल्यावरही कां झांकावें? भावास फांशीं देणाऱ्या सत्तेची चाकरी सांगणें जड गेलें असावें, असा आमचा तर्क आहे.

तथापि ब्रिटिश दप्तर डोळे मिटून स्वीकारणेंही युक्त नव्हे. आपला हेर किती यशस्वी झाला हें वरिष्ठांस पटविण्यांत हेरखात्याचाही स्वार्थ असतो. म्हणून काबुलांतील मुक्कामापर्यंतचें कथन उत्तमचंदांच्या वृत्तांताशीं ताडून घ्यावें. त्यानंतरचें, स्वतंत्र कागदांचा दुजोरा मिळेल तेवढेंच. भगतराम देशभक्त कीं विश्वासघातकी हा निवाडा त्यानंतरचा. तो आधीं करून ग्रंथ वाचणाऱ्यास हें पुस्तक दोन्ही बाजूंनीं फसवील.