गुलेन-बॅरे सिंड्रोममधील गुंतागुंतीचे पूर्वानुमान आणि सोनोग्राफी : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती शरीरातील मज्जातंतूंवरच उलटली म्हणजे जे विकार उद्भवतात, त्यांत गुलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) हा प्रमुख होय. गुलेन, बॅरे व स्ट्रोल या फ्रेंच वैद्यकांनी १९१६ मध्ये त्याचे वर्णन केले. २०२५ च्या आरंभी पुणे शहरात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि वैद्यकीय ग्रंथांतील हे नाव घरोघरी पोहोचले. या विकारात सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांना कृत्रिम श्वसनाची गरज भासते. त्यामुळे रुग्ण दाखल होताच वैद्यकापुढे एक प्रश्न उभा राहतो : यांपैकी कोणाचा श्वास पुढील काही दिवसांत अपुरा पडेल? या प्रश्नाचे उत्तर सोनोग्राफी देऊ शकते, असे प्रतिपादन अलीकडील संशोधनातून केले जाते. त्या प्रतिपादनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिपादनाचे स्वरूप :

उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींच्या साहाय्याने मज्जातंतूच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजता येते. दाह झालेला मज्जातंतू सुजतो, म्हणून हे क्षेत्रफळ वाढते. जीबीएसच्या प्रारंभीच्या अवस्थेत मानेतील मज्जातंतूंची मुळे सुजलेली आढळतात, हे विविध अभ्यासांतून पुढे आले आहे. हृदयगती व रक्तदाब यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेतील व्हेगस हा मज्जातंतू सुजलेला असल्यास त्या संस्थेत बिघाड होण्याचा संभव अधिक, असेही सुचविले गेले आहे. याखेरीज श्वासपटलाची जाडी श्वास घेताना किती वाढते हे पाहून श्वसनशक्तीचा अंदाज बांधता येतो. तपासणी वेदनारहित आहे, तीत किरणोत्सर्ग नाही आणि ती रुग्णाच्या खाटेजवळ करता येते. हे गुण निर्विवाद आहेत.

चिकित्सा :

पहिला आक्षेप मोजमापाविषयीचा आहे. व्हेगस मज्जातंतूच्या छेदाचे क्षेत्रफळ साधारणतः २ चौ. मि.मी. इतकेच असते. छेद वर्तुळाकार मानल्यास त्याचा व्यास सुमारे १.६ मि.मी. होतो. मोजणाऱ्याने तो चुकून १.८ मि.मी. धरला तर क्षेत्रफळ २.५ चौ. मि.मी. होते. म्हणजेच ०.२ मि.मी. च्या फरकाने क्षेत्रफळात सुमारे २५ टक्क्यांची वाढ दिसते. ज्या वाढीवरून रोगाची तीव्रता ठरवावयाची, ती वाढ हाताच्या कंपामुळेही दिसू शकत असेल, तर एकाच निरीक्षकाच्या मोजमापांवर आधारलेला निष्कर्ष सावधपणेच स्वीकारला पाहिजे.

दुसरा आक्षेप तार्किक स्वरूपाचा आहे. संबंध आढळणे आणि पूर्वानुमान करता येणे या भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणादाखल १०० रुग्णांपैकी २५ जणांना व्हेंटिलेटर लागणार आहे असे मानू. एखादी तपासणी धोक्यातील रुग्णांपैकी ८० टक्के व सुरक्षित रुग्णांपैकी ८० टक्के अचूक ओळखते असे गृहीत धरल्यास, ती ३५ जणांना धोक्यात असल्याचे सांगेल. त्यांपैकी २० जणच खरोखर धोक्यात असतील. उलट, सुरक्षित ठरविलेल्या ६५ जणांत ५ जण असे असतील की ज्यांचा श्वास सामान्य कक्षात, कोणाचे लक्ष नसताना, खालावू शकेल. सरासरीतील फरक दाखविणारा शोधनिबंध या ५ जणांविषयी काहीच बोलत नाही.

तिसरा आक्षेप तुलनेचा आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेली एग्रिस ही गुणपद्धती केवळ तीन बाबींवर आधारलेली आहे : अशक्तपणा सुरू झाल्यापासून दाखल होईपर्यंतचे दिवस, चेहरा अथवा गिळण्याच्या स्नायूंतील दुर्बलता आणि हातापायांच्या स्नायूंची शक्ती. तीस यंत्र लागत नाही. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने या पद्धतीची सुधारित आवृत्ती सुचविली आहे. तेव्हा सोनोग्राफीने काही कळते का, एवढाच प्रश्न नाही. एग्रिसने जे कळते त्यात सोनोग्राफी कोणती भर घालते, हा खरा प्रश्न आहे. ही तुलना न करणारा अभ्यास अपुरा मानावा लागेल.

चौथा मुद्दा आपल्या परिस्थितीशी निगडित आहे. जीबीएसचा एक प्रकार मज्जातंतूच्या मायेलिन आवरणावर आघात करतो, तर दुसरा थेट अक्षतंतूवर. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जीवाणूच्या संसर्गानंतर दुसरा प्रकार विशेषेकरून आढळतो आणि पुण्यातील काही रुग्णांत हाच जीवाणू सापडला होता. युरोपात मात्र पहिला प्रकार बहुसंख्य आहे. तेथील सुजेच्या मर्यादा येथे जशाच्या तशा लागू करणे हे केवळ गृहीतक ठरेल. शिवाय गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आवश्यक असून फिरत्या यंत्राच्या वापरावरही निर्बंध आहेत. ते योग्यच आहेत. परंतु खाटेजवळच्या तपासणीची शिफारस करताना त्यांचा विचार अपरिहार्य आहे.

तंत्राचे खरे स्थान :

वरील विवेचनाचा अर्थ हे तंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. चेहऱ्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णास फुंकणीभोवती ओठ घट्ट मिटता येत नाहीत, त्यामुळे फुप्फुसांच्या क्षमतेची नेहमीची चाचणी फसवी ठरते. अशा वेळी श्वासपटलाची सोनोग्राफी रुग्णाच्या ओठांवर अवलंबून राहत नाही. दीर्घकालीन स्वरूपाच्या सीआयडीपी या विकारात तर २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने मज्जातंतूंच्या सोनोग्राफीस निदानाचा पूरक पुरावा म्हणून स्थान दिले आहे. मात्र निदानातील यश पूर्वानुमानाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

समारोप :

सोनोग्राफी मज्जातंतूची आजची सूज दाखविते. उद्याचा श्वास ती अद्याप खात्रीने सांगू शकत नाही. अनेक केंद्रांतील पुरेशी रुग्णसंख्या, रुग्णाची स्थिती न जाणणाऱ्या दोन स्वतंत्र निरीक्षकांची मोजमापे, एग्रिसशी तुलना आणि भारतीय रुग्णांत पडताळणी या चार कसोट्यांवर ती उतरली, तरच तिला निर्णायक स्थान देणे उचित होईल. तोपर्यंत दर काही तासांनी रुग्णाचा श्वास, नाडी व स्नायूंची शक्ती तपासणारी परिचारिका व निवासी डॉक्टर यांची जागा कोणतेही चित्र घेऊ शकत नाही. अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या असतात, म्हणून चुकीच्या अंदाजाची किंमत शोधनिबंधाला नव्हे, तर रुग्णाला मोजावी लागते, याचे भान संशोधकांनी ठेवणे अगत्याचे आहे.