सँडी डेनी: आवाजामागची गीतकार

सँडी डेनीचं नाव निघालं की पहिला उद्गार ठरलेला असतो: काय आवाज होता! उद्गार खराच आहे. 'मेलडी मेकर' या साप्ताहिकाच्या वाचकांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका म्हणून निवडलं. लेड झेपलिनलासुद्धा 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' या गाण्यात दुसरा आवाज हवा होता, तेव्हा त्यांनी तिलाच बोलावलं. पण आम्हाला आज वेगळंच मांडायचंय. या कौतुकात सँडी नावाची गीतकार मागे पडली, आणि ती गीतकार गायिकेपेक्षा तसूभरही लहान नव्हती.

थोडी पार्श्वभूमी बघू. जन्म ६ जानेवारी १९४७, लंडनचा. काही काळ नर्सिंगचं प्रशिक्षण, मग किंग्स्टनच्या कलाशाळेत प्रवेश, आणि संध्याकाळी फोक क्लबांमध्ये गाणं. विशीच्या उंबरठ्यावर तिने 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' लिहिलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जूडी कॉलिन्सने ते गायलं आणि आपल्या अल्बमला त्याचंच नाव दिलं. त्याच वर्षी सँडी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमध्ये आली.

आता तिची लिहिण्याची रीत बघा. इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीतांचा जीव घटनेत असतो. कोणी प्रेमात पडतं, कोणी फसवतं, शेवटी तलवार निघते. 'मॅटी ग्रोव्ह्ज' ऐका: सरदाराची बायको, तिचा प्रियकर, आणि दोघांचाही खून. सँडी अशी गीतं जबरदस्त गायची. स्वतः लिहायला बसली की मात्र ती घटना काढून टाकायची आणि घटनेआधीची शांतता तेवढी ठेवायची. 'फोदरिंगे' हे तिचं गाणं घ्या. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा १५८७ मध्ये फोदरिंगे किल्ल्यात शिरच्छेद झाला. कथागीतकाराने थेट कुऱ्हाडीपर्यंत नेलं असतं. सँडी आपल्याला नेते ती कैदेतल्या एका संध्याकाळी. वाट पाहणं, बस्स. पुढे काय होणार ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून ते सांगायची गरजच उरत नाही. ही नुसत्या आवाजाची करामत नव्हे. काय गाळायचं, हे कळणाऱ्या लेखणीचं हे काम आहे.

मे १९६९ मध्ये एम-वन महामार्गावर बँडच्या गाडीला अपघात झाला. ड्रमर मार्टिन लँबल आणि जीनी फ्रँकलिन गेले. सँडी त्या गाडीत नव्हती. त्या धक्क्यानंतर बँड पारंपरिक गीतांकडे वळला आणि वर्षअखेरीस 'लीज अँड लीफ' आला. ब्रिटिश फोक-रॉकचा पायाच म्हणतात त्याला, आणि ते योग्यच आहे. पण त्यात सँडीच्या लेखणीला वाव किती? 'कम ऑल यी' हे एकच गाणं, तेही अ‍ॅशली हचिंग्जबरोबर लिहिलेलं. अल्बम बाजारात येतोय आणि ती बँड सोडतेय! कारणं एकाहून जास्त होती, पण स्वतःची गाणी गायची होती हे त्यातलं मोठं कारण. घडी बसलेली असताना ती मोडणं सोपं नसतं. नव्या बँडचं नाव तिने काय ठेवलं? फोदरिंगे.

आता आमची तक्रार. फोदरिंगे एका अल्बमनंतर फुटला आणि १९७१ पासून तिचे एकल अल्बम येऊ लागले. 'लाइक अ‍ॅन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ'मध्ये व्हायोलिनांचे थर इतके चढवलेत की जे गाणं रिकाम्या जागेवर जगतं, त्याची जागाच भरून जाते. १९७७ च्या 'राँदेव्हू'बद्दल तर जास्तच. दोष सगळा निर्मात्यांचा नाही. कधीकधी तिच्या ओळीच धूसर होतात. समुद्र, हिवाळा, कुणीतरी दूर गेलेलं. 'तू' म्हणजे नेमकं कोण ते शेवटपर्यंत लागत नाही. पण नुसत्या पियानोवर किंवा गिटारवर केलेली तिची कच्ची मुद्रणं पुढे प्रसिद्ध झाली, ती ऐकली की कळतं: गाण्याचा सांगाडा भक्कम होता, वरचे दागिने जड झाले होते.

२१ एप्रिल १९७८ रोजी, पडून डोक्याला झालेल्या इजेनंतर, ती वारली. वय ३१. मुलगी वर्षाचीही नव्हती. तेव्हापासून एक खोड लागलीय लोकांना: काळाबद्दलच्या त्या गाण्यात तिला मरणाची चाहूल लागली होती म्हणे. आम्हाला हे पटत नाही. ते गाणं विशीतल्या मुलीचं आहे. पाखरं निघून चाललीत आणि तिला मात्र निघायची घाई नाही, इतकी साधी स्वस्थता त्यात आहे. तिच्या मरणाचा उजेड मागे टाकून ते वाचलं, तर लिहिणारीची बुद्धी बाजूला पडते आणि उरते फक्त बिचारी. आधी 'आवाज' म्हणून, मग 'शोकांतिका' म्हणून. दोन्ही वेळा गीतकार गायब.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. आधी 'फोदरिंगे' ऐका, मग 'मॅटी ग्रोव्ह्ज', आणि शेवटी ते काळाचं गाणं. आवाजाला दाद द्याच, पण दुसऱ्यांदा ऐकताना तिने काय सांगायचं टाळलंय तिकडे कान लावा.