पूर्ण वाक्य आणि परिच्छेदाचा बांधा : महाविद्यालयीन निबंधलेखनाविषयी काही विचार

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या निबंधांविषयी अध्यापकवर्गात जी तक्रार वारंवार ऐकू येते, ती बहुतांशी शुद्धलेखनाची असते. तपासलेल्या उत्तरपत्रिकेवरील तांबड्या शाईच्या खुणाही मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांच्याच भोवती दिसतात. हे स्वाभाविक आहे. कारण त्या बाबतीत अध्यापकाच्या हाती १९६२ मध्ये शासनमान्य झालेले चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, असा निश्चित आधार आहे. वाक्य कोठे पूर्ण होते आणि परिच्छेद कशाने बांधला जातो, याविषयी असा आधार नाही. ही उणीव निबंधलेखनाच्या अध्यापनात बहुधा दोन उसन्या सूत्रांनी भरून काढली जाते. पहिले सूत्र असे की, प्रत्येक वाक्यात कर्ता व क्रियापद असलेच पाहिजे. दुसरे असे की, परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने त्याचा विषय सांगितलाच पाहिजे. ही दोन्ही सूत्रे मराठी गद्याला कितपत मानवतात, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिल्या सूत्राची कसोटी अगदी साध्या उदाहरणांवरही टिकत नाही. ‘उजाडले.’, ‘मला मळमळते.’ या वाक्यांत वेगळा कर्ता दाखविता येत नाही; आपल्या वैयाकरणांनी अशा क्रियापदांना भावकर्तृक असे नावच दिले आहे. ‘हा माझा धाकटा भाऊ.’ या वाक्यात क्रियापद नाही, तरी ऐकणाऱ्याला काही राहून गेल्यासारखे वाटत नाही. याउलट ‘ज्या शेतकऱ्यांनी कर्ज काढले.’ या रचनेत कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापदही आहे. आणि तरीही ती अपुरी आहे. म्हणजे जे पूर्ण आहे त्याला हे सूत्र अपूर्ण ठरविते आणि जे अपूर्ण आहे ते त्याच्या जाळ्यातून निसटून जाते. इंग्रजीत क्रियापदाची उपस्थिती ही पूर्णतेची बरीचशी विश्वसनीय खूण असेल. मराठीत ती तशी नाही.

मग खूण कोणती? तिच्यासाठी दूर जावे लागत नाही. पदांच्या समूहाला वाक्यत्व येण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी लागतात, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. एका पदाने निर्माण केलेली अपेक्षा दुसऱ्याने पुरी करणे, अर्थांचा परस्परांशी मेळ असणे आणि पदे एकमेकांजवळ असणे, असा त्यांचा थोडक्यात आशय. यांतील आकांक्षा हीच आपल्या प्रश्नाची किल्ली होय. ‘ज्या शेतकऱ्यांनी’ हे शब्द कानी पडताच ‘त्यांनी’, ‘त्यांना’ किंवा ‘त्यांचे’ यांची अपेक्षा उत्पन्न होते; ती पुरी होण्यापूर्वी दिलेले पूर्णविराम हे केवळ छपाईचे चिन्ह ठरते. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, जितका-तितका या जोड्या मराठी वाक्याचा कणा आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या लेखनातील खरीखुरी तुटलेली वाक्ये पुष्कळदा याच ठिकाणी तुटलेली आढळतात. ‘जशी करणी, तशी भरणी’ या म्हणीत क्रियापद औषधालाही नाही. पण आकांक्षा पूर्ण झाली आहे, म्हणून वाक्यही पूर्ण आहे.

आकांक्षेची ही कसोटी आणखी एका दोषावर प्रकाश टाकते. ‘शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्याला तांबडी शाई लागत नाही. परंतु कोणाच्या शिक्षणाचे, कशासाठी, कशाच्या तुलनेत, ही वाचकाची स्वाभाविक अपेक्षा त्याने चाळविली आणि तशीच सोडून दिली. रूपाने पूर्ण व विधानाने रिते असे हे वाक्य तुटलेल्या वाक्यापेक्षा अधिक घातक समजले पाहिजे. कारण तुटलेले वाक्य दुरुस्त करता येते, रित्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसतेच.

आता परिच्छेदाकडे वळू. विषयवाक्याच्या सूत्राला अलेक्झांडर बेन यांच्या १८६६ मधील इंग्रजी रचनाशास्त्रावरील ग्रंथाने पद्धतशीर रूप दिले आणि पुढे ते क्रमिक पुस्तकांतून सर्वत्र गेले. विशेष हे की, इंग्रजीतही ते लेखकांच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी जुळत नाही. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकन नियतकालिकांतील पंचवीस लेख तपासले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद सुमारे तेरा टक्केच निघाले. तेव्हा जे तेथेच डळमळीत आहे, ते येथे नियम म्हणून शिकविण्याचे कारण उरत नाही.

येथेही आपल्या परंपरेचे बोट धरता येते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त पदसमूहाला जी तीन लक्षणे लावली, तीच वाक्यसमूहालाही लावून त्याला ‘महावाक्य’ म्हटले. त्याच्या डोळ्यांसमोर रामायणासारख्या संपूर्ण कृती होत्या, हे खरे. पण वाक्य आणि वाक्यांची बांधणी यांना एकच तत्त्व लागू आहे हा त्यातील विचार परिच्छेदालाही उपकारक आहे. एका वाक्याने जागविलेली अपेक्षा पुढील वाक्याने पुरी करावी आणि पुरी करता करता नवी जागवावी, हाच परिच्छेदाचा बांधा.

नमुन्यादाखल एक रचलेला परिच्छेद घेऊ : ‘पाणी हे जीवन आहे. आज सर्वत्र पाण्याची टंचाई जाणवते. विहिरी आटल्या आहेत. शासनाने अनेक योजना आखल्या. लोकांनीही पाण्याचे महत्त्व ओळखावे.’ यात प्रत्येक वाक्य पूर्ण आहे आणि प्रारंभी विषयही सांगितला आहे. तथापि यातील वाक्यांची उलटापालट केली तरी काहीही बिघडत नाही; आणि ज्याची उलटापालट निर्धास्तपणे करता येते तो परिच्छेद नव्हे, ती यादी होय. आता हा दुसरा पाहा : ‘ज्या गावात पूर्वी बारमाही पाणी होते, त्याच गावातील विहिरी आता माघातच आटतात. पाऊस कमी झाला हे त्याचे एक कारण खरे. परंतु तेवढेच नव्हे. विंधन विहिरी जसजशा खोल गेल्या, तसतसा उथळ विहिरींचा पाझर तुटत गेला. म्हणजे टंचाई आभाळातून आली तशी जमिनीखालूनही आली. योजना मात्र टाकी बांधण्यापलीकडे गेल्या नाहीत.’ येथे ‘त्याचे’ हा शब्द मागील वाक्याशिवाय निरर्थक आहे, ‘तेवढेच नव्हे’ पुढील वाक्याला बोलावून आणते, आणि ‘म्हणजे’ व ‘मात्र’ ही लहानशी अव्यये सगळ्या विधानाला वळण देतात. परिच्छेदाचे सांधे असे या छोट्या शब्दांत असतात. क्रम बदलून पाहावा, तो कोसळतो.

हा केवळ लेखनशैलीचा प्रश्न नाही. खेड्यातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलाच्या घरच्या बोलीत ‘जेवढं पेरलं तेवढं उगवलं नाही’ अशी जोडवाक्ये सहज असतात, आणि क्रियापदावाचून पुरी होणारी वाक्येही असतात. शुद्धलेखनात तो अडखळतो; वाक्यरचनेत मात्र त्याची पकड पक्की असते. आपण पहिल्या दोषाबद्दल त्याचे गुण कापतो आणि उसन्या सूत्राच्या बळावर दुसऱ्या गुणालाही दोष ठरवितो. परिणामी तो आपली वाक्ये सोडून देतो आणि ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’ हे वळण उचलतो, कारण त्यात धोका नाही.

म्हणून उत्तरपत्रिका तपासण्याचा क्रम बदलावा, असे सुचवावेसे वाटते. वाक्याने काही विधान केले आहे काय, हे प्रथम पाहावे. त्याने जागविलेली अपेक्षा त्यात किंवा पुढील वाक्यात पुरी झाली काय, हे नंतर. आणि ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर. शुद्धलेखनाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. जे वाक्य उभेच राहिले नाही, त्याची वेलांटी सुधारून मात्र काही साधत नाही.