‘दास’ ही नाममुद्रा : ख्रिस्ती उपासना आणि मराठी साहित्यविचार

मराठीतील ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विचार करताना आपल्या समीक्षेने धर्मांतराच्या क्षणाकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे त्यानंतरच्या रविवारांकडे दिलेले नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो. उपासना मात्र आठवड्यागणिक घडत राहते. व्यक्तीचा कान, तिची बैठक, तिचे अन्नपाणी बदलते ते या दुसऱ्या प्रक्रियेत. पण बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’पासून (१८८८) आपण वाचत आलो तो मुख्यतः मतपरिवर्तनाचा, वादविवादाचा आणि ग्रंथवाचनाचा इतिहास.

पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात ही दुसरी बाजू ठळकपणे दिसते. १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तेथील भगिनींशी झालेल्या त्यांच्या वादात त्रैक्यासारखे सिद्धान्त आहेतच. पण क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नसावीत, हाही प्रश्न आहे. अभ्यासक तो राष्ट्राभिमानाच्या सदरात टाकून मोकळे होतात. मला तो उपासनेच्या भाषेचा प्रश्न वाटतो : देवासमोर कोणत्या अक्षरांनी उभे राहावयाचे?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हाच प्रश्न स्पर्शास्पर्शाच्या आणि पाण्याच्या रूपाने येतो. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी सोसलेला विरह आणि पुढे पतीबरोबर राहतानाही जपलेले सोवळे सर्वपरिचित आहे. त्यांच्या विनोदाचे कौतुकही पुष्कळ झाले. परंतु जिला दुसऱ्याने शिवलेले पाणी घेणे जड जात होते, तिच्या दृष्टीने प्रभुभोजनाची भाकर म्हणजे काय असेल, याचा विचार झालेला नाही. सोवळे सुटण्याची कथा समाजसुधारणेची म्हणून वाचली जाते. ती उपासनेत सहभागी होण्याची पात्रता येण्याचीही कथा आहे, असे माझे मत आहे.

टिळकांच्या भजनांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ‘फुलांमुलांचे कवी’ ही उपाधी देऊन पाठ्यपुस्तकांनी अर्धे टिळक घेतले आणि उरलेले चर्चच्या स्वाधीन केले. ‘अभंगांजली’ मी वर्षानुवर्षे ग्रंथालयात वाचली होती. तुकोबांच्या अभंगाचे सौम्य अनुकरण, एवढीच माझ्या लेखी तिची नोंद होती. ख्रिस्ती नसताही मी काही मराठी मंडळ्यांच्या रविवारच्या उपासनांना मागच्या बाकावर बसू लागलो, तेव्हा कागदावर न दिसणारी एक गोष्ट कानाला जाणवली. पेटी-तबल्याच्या साथीने मंडळी अखेरच्या चरणापर्यंत येते आणि ‘दास’ ही नाममुद्रा शंभर कंठांतून एकदम उमटते. वारकरी कितीही तल्लीन झाला तरी ‘तुका’ म्हणताना तो तुकोबांचेच नाव घेतो. ‘दास’ हे मात्र सामान्यनाम आहे. गाणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःपुरते लागू पडते. कवीची सही मंडळीची होऊन जाते.

तौलनिक दृष्टीने हे लक्षणीय आहे. आयझॅक वॉट्सच्या परंपरेतील इंग्रजी उपासनागीत कवीला गीताबाहेर ठेवते. अभंग त्याला शेवटच्या चरणात नावानिशी उभा करतो. टिळकांनी मुद्रा ठेवली आणि नाव गाळले. या दोन परंपरांच्या सांध्यावर त्यांनी जे केले ते केवळ ‘भारतीयीकरण’ या शब्दाने सांगता येणार नाही. (तो शब्द मिशनच्या अहवालात शोभतो, काव्यविचारात नव्हे.) त्याच उपासनांत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीतेही ऐकली. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होऊन मराठी शब्द तेथे अवघडल्यासारखे उभे असतात. मंडळीला त्याचे काही वाटत नाही, हेही नमूद केले पाहिजे. सवय हा उपासनेचा मोठा आधार आहे.

मराठीत ही बाब नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे, ते जमलेल्या भाविकांनी ऐकावे म्हणून. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्याला त्यांच्या जागी काहीतरी हवे होते. त्याची मागणी ग्रंथाच्या आरंभीच नोंदलेली आहे. पुढे १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. कॅथलिक मिस्सा लोकभाषेत होण्यास मोकळीक मिळाली ती थेट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५). टिळकांनी आरंभलेले आणि १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही ओवीतच आहे. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ‘स्मृतिचित्रे’ची लेखिका आणि ‘ख्रिस्तायन’ची कवयित्री यांना एकत्र वाचणारा अभ्यास अजून व्हावयाचा आहे, आणि तो करणाऱ्याने ग्रंथालयाबाहेर काही रविवार काढावेत.