गोरटा ते बीबीनगर : हैदराबाद मुक्तिसंग्रामविषयक लेखनातील हत्याकांड आणि न्याय

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाविषयी मराठीत लिहिणारे बहुतेक लेखक त्या घटनांचे साक्षीदार तरी होते किंवा त्यांतील कार्यकर्ते तरी. अनंत भालेराव यांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ, नरहर कुरुंदकर यांचे हैदराबादविषयक लेख, निजामाच्या प्रशासकीय सेवेत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडी यांचे ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्र आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आठवणी ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या लेखनाचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्याचा कथनबंध पाहिला असता एक गोष्ट जाणवते. या परंपरेतील कथन बहुतांशी १७ सप्टेंबर १९४८ या तारखेकडे धाव घेते आणि तेथे पोहोचल्यावर त्याचा वेग ओसरतो. अत्याचार या तारखेच्या अलीकडे राहतात आणि मुक्ती पलीकडे. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांना पुढे न्याय मिळाला का, हा प्रश्न या रचनेत सहसा बसत नाही. प्रस्तुत निबंधात तेवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी रझाकारांनी केलेल्या हल्ल्यात सुमारे दोनशे माणसे मारली गेली, असे सांगितले जाते. भालकी आणि बसवकल्याण यांच्या परिसरातील हे गाव आज कर्नाटकात असले, तरी तो सारा टापू मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलणारा आहे. त्याच वर्षी २७ ऑगस्टला तेलंगणातील भैरनपल्ली येथे शंभराच्या आसपास गावकरी मारले गेले. रझाकारांचा रोष केवळ हिंदू गावकऱ्यांवरच नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे. संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्येच हैदराबाद शहरात हत्या झाली. रझाकारांचा सर्वेसर्वा कासीम रझवी हा मूळचा उत्तर प्रदेशचा. अलीगढला शिकलेला आणि लातूरला वकिली करणारा. कायदा त्याला परका नव्हता, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवे.

न्यायाचा मार्ग प्रथमतः एका शब्दाने ठरविला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. रणगाडे आणि विमाने वापरली गेली. सैन्यातील नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. लोकांत मात्र या कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले गेले आणि मराठीत ‘पोलीस कारवाई’ हाच शब्द रूढ झाला. हा शब्द निव्वळ सोयीचा नव्हता. निजाम सरकारने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्र नाही, हा भारताचा पक्ष होता आणि तो इतिहासाला धरूनच होता. तथापि सार्वभौम राष्ट्र नाही म्हणून युद्ध नाही, आणि युद्ध नाही म्हणून युद्धगुन्हाही नाही, असा त्याचा तार्किक परिणाम झाला. नुरेंबर्गचा निकाल १९४६ मध्ये लागला होता. टोकियो येथील न्यायाधिकरणाचा निकाल हैदराबादच्या शरणागतीनंतर दोन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९४८ मध्ये लागला आणि त्या न्यायपीठावरील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी जेत्यांच्या न्यायाविरुद्ध आपले प्रदीर्घ भिन्नमत नोंदविले. सामूहिक हत्येला स्वतंत्र गुन्ह्याचे नाव देण्याची भाषा जगात घडत असताना आपल्याकडील कज्जा मात्र संस्थानाच्याच दंडसंहितेखाली चालला.

मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनाने नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणापुढे रझवीवर खटले चालले. शोएबुल्ला खान खून खटल्यातील त्याची शिक्षा उच्च न्यायालयात टिकली नाही. टिकली ती बीबीनगरची. हैदराबाद आणि भोनगीर यांच्या दरम्यानच्या या गावी जानेवारी १९४८ मध्ये रझवी आणि त्याच्या रझाकारांनी घातलेल्या धाडीबद्दल त्याला दरोड्याच्या आरोपाखाली सात वर्षांची सक्तमजुरी झाली. ज्या संघटनेच्या नावाने मराठवाड्यातील गावे रात्र रात्र जागत होती, तिच्या नायकाचा कायद्याच्या दप्तरी राहिलेला गुन्हा म्हणजे दरोडा. दरोडा या शब्दात घर फुटते, धान्य जाते, माणसेही जखमी होतात. गाव मारण्याचा हेतू मात्र त्या शब्दात मावत नाही.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५३ च्या जानेवारीत त्याचा निकाल लागला. आमच्या मते मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी हा निकाल मुळातून वाचावयास हवा, कारण तो केवळ कायद्याच्या विद्यार्थ्यांचा नाही. प्रश्न असा होता की, राज्यघटना अमलात येण्यापूर्वी सुरू झालेला विशेष न्यायाधिकरणाचा खटला २६ जानेवारी १९५० नंतर अनुच्छेद १४ च्या कसोटीवर टिकतो काय? तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने सांगितले की, घटना लागू झाल्यानंतरच्या टप्प्यात आरोपीला सर्वसामान्य कार्यपद्धतीचा गाभा प्रत्यक्षात मिळालेला आहे. सबब शिक्षा कायम. न्या. व्हिव्हियन बोस आणि न्या. गुलाम हसन यांनी भिन्नमत दिले. बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या आरोपीविषयी देशात कणभरही सहानुभूती नव्हती, त्याच्यासाठी समान कार्यपद्धतीचा आग्रह धरणारे हे मत मुक्तिसंग्रामाच्या साहित्यात उपेक्षित राहावे, याचे आश्चर्य वाटते. बहुमताचा निष्कर्ष प्रस्तुत लेखकास मान्य आहे. परंतु नव्या प्रजासत्ताकाची परीक्षा त्या दोन न्यायमूर्तींनी अधिक कठोरपणे घेतली, हेही मान्य करावे लागते.

१९५७ मध्ये रझवी सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत मरण पावला.

या विषयाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे आणि आपल्या लेखनाने ती अधिक टाळली आहे. पोलीस कारवाईनंतर संस्थानातील मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांच्या पाहणीसाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती पाठविली. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत ही समिती सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत हिंडली. कमीत कमी २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे असल्याचे तिने नोंदविले. रझवीचे लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि गोरटा बीदरमध्ये. म्हणजे पहिल्या हत्याकांडाची आणि दुसऱ्याची भूमी बऱ्याच अंशी एकच. रझाकारांच्या अत्याचारांचे भान समितीला होते. शेजारच्या मुसलमानांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही तिने दखल घेतली. सरदार पटेलांना अहवालाचा रोख मान्य नव्हता. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या परिशिष्टात तो छापला गेला. समितीचा आकडा हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, आणि त्याची चिकित्सा अवश्य व्हावी. पण चिकित्सा करावयाची तर आधी तो वाचावा लागतो. ज्या लेखकांनी रझाकारी जुलमाचे बारकावे गावागणिक दिले, त्यांच्याच परंपरेत ऑक्टोबर १९४८ हा महिना जवळजवळ कोरा असावा, हा योगायोग मानणे कठीण आहे. पहिल्या हिंसेसाठी निदान एक न्यायाधिकरण बसले, अपिले झाली, निकाल छापले गेले. दुसरीसाठी एक पाहणी झाली आणि ती कपाटात गेली.

आपण खानदेशातील अध्यापक या साऱ्याकडे घाटाखालून पाहतो. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात आणि त्यांकडे जाणाऱ्या प्रवाशाचे रेल्वे स्थानक ब्रिटिश हद्दीतील जळगावात, अशी ती सीमा होती. त्यामुळे १७ सप्टेंबर हा दिवस आपल्याकडे मराठवाड्याइतका घरचा नाही. लष्करी न्यायाचा अनुभव मात्र खानदेशालाही आहे. ११ एप्रिल १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईनंतर हाती लागलेल्या भिल्लांना रणभूमीवरच तडकाफडकी लष्करी न्यायालय बसवून गोळ्या घालण्यात आल्या. तेथे न्याय क्षणात उरकला. हैदराबादमध्ये तो काही वर्षे चालला, अपिलापर्यंत गेला आणि दोन न्यायमूर्तींनी आरोपीच्या बाजूने मत देण्याइतका मोकळा राहिला. या दोन न्यायालयांतील अंतर विद्यार्थ्यांपुढे मांडताना बीबीनगरचा निकाल आणि सुंदरलाल अहवाल ही दोन्ही साधने एकाच तासिकेत वाचावीत, असे सुचवावेसे वाटते. दोहोंचे प्रमाण मराठी भाषांतर अभ्यासक्रमासाठी तयार करणे हे इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी या तीन विभागांनी मिळून हाती घ्यावे, असे काम आहे.