अनुस्पंदनाचे अवास्तव महत्त्व

हौशी रेडिओवरच्या बहुतेक पुस्तिकांत अँटेनाच्या प्रकरणात एक सूत्र भेटते : १४२.५ ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागा, अर्धतरंग तारेची लांबी मीटरमध्ये मिळेल. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे २० मीटर येते. सूत्र कामाचे आहे. आक्षेप आहे तो त्याला जोडून येणाऱ्या विधानाला, की तार अनुस्पंदित नसेल तर ती नीट प्रक्षेपण करत नाही. मग वर्गात आपण झोपाळ्याचे उदाहरण देतो आणि विद्यार्थ्यांना ते पटूनही जाते.

झोपाळा इथे अर्धाच उपयोगी पडतो. ठरावीक विद्युतदाबाला अनुस्पंदनाच्या वेळी प्रवाह जास्त वाहतो, हे खरे. पण अनुस्पंदन म्हणजे फीडर जोडतो त्या ठिकाणी अँटेनाचा रिॲक्टन्स शून्य असणे, एवढेच. रिॲक्टन्स ऊर्जा खात नाही. साठवतो आणि परत करतो. तारेत शिरलेल्या ऊर्जेला वाटा दोनच, प्रक्षेपण किंवा उष्णता. कोणत्या वाटेने किती जाईल, हे प्रक्षेपण-रोध आणि ऱ्हास-रोध यांच्या प्रमाणावर ठरते.

मोटारीवरची अडीच मीटरची काठी घ्या. तळाशी कॉइल घालून ती ७ मेगाहर्ट्‌झला काटेकोर अनुस्पंदित करता येते. तिचा प्रक्षेपण-रोध मात्र दीड ओहमच्या आसपास; कॉइल आणि जमीन यांचा ऱ्हास-रोध सहज दहा-बारा ओहम. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के ऊर्जा उष्णतेत जाते! याउलट लुई वार्नी या ब्रिटिश हॅमने १९४६ मध्ये आखलेली 'जी५आरव्ही' ही सुमारे ३१ मीटरची तार. १४ मेगाहर्ट्‌झला तिच्यात तीन अर्धतरंग बसतात, ७ ला हिशेब जुळत नाही. तरीही समांतर तारांचा फीडर आणि ट्यूनर वापरला, तर त्या काठीपेक्षा ती कितीतरी सरस ठरते.

बेव्हरेज अँटेना तर मुद्दामच अनुस्पंदित ठेवत नाहीत. दूरच्या टोकाला रोध लावून तरंग परतू देत नाहीत, म्हणून ती एकाच दिशेचे चांगले ऐकते. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे अमेरिकन हौशी केंद्रांचे संदेश पकडले, ते याच अँटेनावर.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते कोॲक्सिअल केबलमुळे. तीच २० मीटरची तार १४ मेगाहर्ट्‌झला वापरली, तर मध्यभागी इम्पिडन्स हजारो ओहम होतो. ५० ओहमच्या केबलमध्ये तरंग पुन्हा पुन्हा मागेपुढे जातात आणि दर फेरीला थोडी ऊर्जा केबल तापवण्यात जाते. शिवाय आधुनिक प्रेषक अशा वेळी आपली शक्ती आपणच घटवतात. दोष जोडणीचा, खापर तारेवर. वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून 'क्यूएसटी' मासिकात हे सविस्तर मांडले होते. पुस्तिकांपर्यंत ते पुरेसे झिरपलेले दिसत नाही.

पुढच्या आवृत्त्यांत सूत्र खुशाल राहू द्यावे. त्याखालच्या विधानात 'कोॲक्सिअल केबल थेट जोडायची असल्यास' एवढी अट घालावी, आणि शेजारी मोटारीवरच्या काठीचे गणित द्यावे.